बिब्ब्या कुणाचा?

फाल्गुन सरत आला की आमच्या गावावरून तंबाखूच्या गाड्या निपाणीकडे जाऊ लागतात आणि शाळेच्या आवारात खकाणा उडतो. मुलं शिंकतात, त्यांच्यामागे मी शिंकतो, आणि पाढे म्हणणारा वर्ग मधेच कुठंतरी सत्तावीसवर अडकून पडतो. परीक्षाही ह्याच दिवसांत. माझ्या हाताखालचे दोन तरुण शिक्षक संध्याकाळी आपापली टाचणं दाखवायला आणतात. उद्या वर्गात काय शिकवायचं, कोणता प्रश्न विचारायचा आणि मुलांकडून कोणतं उत्तर काढायचं, हे आधी लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. ती वही हातात घेतली की शाईच्या आधी मला कुत्र्याचा वास येतो. भिजून वाळलेल्या केसांचा, परड्यातल्या मातीचा. मग त्या पोरांच्या चुका मला दिसत नाहीत. मी सही करतो आणि त्यांना घरी पाठवतो. हेडमास्तर मऊ पडले, असं ते म्हणत असतील.

मी मऊ माणूस नाही. मी जळका माणूस आहे. पूर्वी हे सांगायची लाज वाटायची, आता वाटत नाही. लहानपणी आई अण्णाच्या ताटात तूप वाढायची, तेव्हा मी तुपाकडे न बघता तिच्या मनगटाकडे बघायचो. माझ्या ताटावर ते मनगट लवकर सरळ होतं, असा माझा पक्का समज होता. चातुर्मासात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पंडित यायचे, मत्सर हा मनाचा केवढा मळ आहे ते समजावून सांगायचे. तेव्हाही शेजारी बसलेला अण्णा माझ्यापेक्षा जास्त मन लावून ऐकतोय का, हे मी बघत असायचो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं, आणि तेच मला खुपायचं.

बिब्ब्या मात्र माझा होता. आमच्या तंबाखूच्या रानातल्या खोपीत एक कुत्री व्याली आणि आठ दिवसांत साप चावून मेली. चार पिल्लांतली तीन गेली. चौथं मी शेळीच्या दुधात चिंधी बुडवून जगवलं. पांढरं पिल्लू, डाव्या डोळ्यावर काळा गोल डाग, कुणी बिब्बा लावल्यासारखा. म्हणून बिब्ब्या. मी तेव्हा गावच्याच शाळेत बिनट्रेंड मास्तर होतो. सकाळी तो वेशीपर्यंत यायचा आणि शाळा सुटली की तिथंच बसलेला असायचा. जगात कुणीतरी फक्त माझी वाट बघतं, ह्याचा मला फार अभिमान वाटायचा. पगारापेक्षाही जास्त.

लढाईच्या आधीची ही गोष्ट. ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली आणि बेळगावला जायचं ठरलं. अण्णा म्हणाला, कुत्रं राहू दे रानात, मी बघतो त्याच्याकडं. तो बघणार ह्यात मला जराही शंका नव्हती. तो वेळच्या वेळी भाकरी घालणार, पाठीवर हात फिरवणार, आणि दिवाळीला मी आलो की बिब्ब्या आधी अण्णाकडे बघून मग माझ्याकडे येणार. हे चित्र मला सहन होईना. मोटारवाल्याची मिनतवारी करून मी बिब्ब्याला पायांशी बसवून बेळगावला नेलं. त्या कुत्र्याला शहराची काही गरज नव्हती. रानातला मोकळा जीव मी केवळ माझ्या जळण्यापायी एका खोलीत कोंडला.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी कुत्रा बघितला आणि माझी ट्रंक दारातच थांबवली. मग शहापुरात एका विणकराच्या घरी परड्याकडची खोली मिळाली. पुढच्या सोप्यात दोन माग होते. घरमालक खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि दिवसभर धोटा इकडून तिकडे पळायचा. लाल, हिरव्या काठांची लुगडी बोटा-बोटानं पुढे सरकायची. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. त्या रहाटावर कांड्या भरत बसायच्या आणि घरात कन्नड बोलायच्या. आमच्याही घरात ती भाषा, त्यामुळं मी त्यांचा लाडका झालो. निदान पहिले पंधरा दिवस.

मग परशराम आला. जांबोटीच्याही पलीकडच्या, रानातल्या वाडीचा. वसतिगृह भरलं होतं म्हणून आक्कांनी त्याला माझ्याच खोलीत घातलं. लांब पाय, बारीक चेहरा, सगळं सामान एका घोंगडीत बांधलेलं. अर्ध्या वाटेपर्यंत तो चालतच आला होता. उंबऱ्यात उभा राहून त्यानं आधी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ह्याचं नाव काय म्हणून विचारलं. माझं नाव त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

मी जैन घरातला. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही आमची रीत, ती मी बेळगावातही पाळत होतो. मी आणि बिब्ब्या उजेड असतानाच दूध-भाकरी उरकून घ्यायचो. परशराम दिवेलागणीला जेवायला बसायचा. त्याच्या घरून कधीमधी सुक्या मासळीची पुरचुंडी यायची. ती आक्कांच्या घरात चालत नव्हती आणि माझ्या शेजारी तर मुळीच नाही. मी तसं बोललो नव्हतो, पण त्याला कळलं होतं. आपलं ताट घेऊन तो परड्याच्या गडग्यापलीकडे जायचा आणि ओढ्याकाठच्या दगडावर बसून जेवायचा. बिब्ब्या गडग्यावरून उडी मारून त्याच्यामागे जायचा. माझ्या सोवळ्यापायी एक माणूस घराबाहेर जाऊन जेवत होता, आणि मी खोलीत बसून दोघांना परतायला किती वेळ लागतो ते बघत होतो.

बिब्ब्या मासळीसाठी जातोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढं महिनाभर पुरचुंडी आली नाही. परशराम कोरडी भाकरी आणि चटणी घेऊन दगडावर बसायला लागला. बिब्ब्या तरीही गेला.

ट्रेनिंग कॉलेजातल्या त्या वर्षाबद्दल आता तरुण शिक्षक विचारतात, तेव्हा मी फुशारकी मारतो. पण ते वर्ष माणसाला पिळून काढणारं होतं. सकाळी कवायत, मग शिक्षणशास्त्र, फळ्यावरचं अक्षर, चित्रकला, नकाशे, आणि दुपारी सराव शाळेतल्या खऱ्याखुऱ्या मुलांवर पाठ. सगळ्यांत कठीण म्हणजे टीकापाठ. एकानं वर्गावर शिकवायचं आणि बाकीच्या तीस जणांनी मागं ओळीनं बसून त्याच्या चुका टिपायच्या. खडू किंचाळला, वर्गाकडे पाठ झाली, एकाच मुलाला दोनदा प्रश्न गेला, 'बरं का' चौदा वेळा म्हटलं. शेवटी आमचे मास्तर एकेकाला उठवून टीका वाचायला लावायचे. ज्याच्यावर टीका, त्यानं ती हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायची, हाही अभ्यासाचाच भाग. तिथं रडलेले थोराड मिशाळ मास्तर मी बघितले आहेत.

परशरामच्या पाठाला माझ्या वहीची दोन पानं सहज भरायची. 'आहे'च्या ठिकाणी 'हाय' म्हणतो, टोपी तिरकी, टाचणात लिहिलेला तिसरा प्रश्न विचारलाच नाही. सगळं खरं होतं आणि मी ते वळणदार अक्षरात लिहायचो. पण त्यानं प्रश्न विचारला की वर्गात हातांचं रान उठायचं. ज्यांना येत नव्हतं तेही हात वर करायचे, त्यानं आपल्याकडे बघावं म्हणून. माझ्या वर्गात मुलं घडी घालून ठेवलेल्या कपड्यांसारखी बसायची. मास्तर एकदा मला म्हणाले होते की तुमचं टाचण छापण्यासारखं आहे, फक्त वर्गात तुम्हीच दिसता, मुलं दिसत नाहीत. परशरामला ते म्हणाले, टाचण जरा नीट लिहीत जा रे. एवढंच. त्या 'रे'वरून मी आठवडाभर धुमसत होतो, कारण मला ते अहो-जाहो करायचे.

मुलं आणि कुत्रं एकाच कारणानं त्याच्याकडे जात होती, आणि ते कारण मला शिक्षणशास्त्राच्या एकाही पुस्तकात सापडत नव्हतं.

रविवारी आम्ही कॅम्पाकडे फिरायला जायचो. तिथं गोऱ्या साहेबांची कुत्री असायची, पट्टेवाली, न्हाऊमाखू घातलेली, आणि त्यांना फिरवायला नोकर. रस्ते रुंद, झाडांना चुन्याचे पट्टे. परशराम एकेका कुत्र्यापाशी उकिडवा बसायचा, नोकराकडे त्याची चौकशी करायचा, हे लोक ह्याला खायला काय घालतात म्हणून. मी दोरी धरून उभा राहायचो. दोरी माझ्या हातात आणि बिब्ब्याची मान परशरामकडे. परतताना मी दोरी इतकी आखडून धरायचो की तळहाताला वळ उठायचे.

एकदा मला ताप भरला. चार दिवस मी अंथरुणाला खिळलो होतो. डोळे उघडले की बाजेखाली बिब्ब्याचं नाक दिसायचं. आक्का म्हणाल्या की त्यानं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या कुणाला ह्याचं बरं वाटलं असतं. मला वाटलं, परशराम जाताना त्याला बस म्हणून सांगून गेला असेल आणि तो त्याचं ऐकतोय. हेव्याची ही एक गंमत आहे. तो डोळ्यांपुढचं दिसू देत नाही आणि जे नाही ते तासन्‌तास दाखवत बसतो.

थंडीत माझ्या वाट्याला वस्तुपाठ आला. वस्तुपाठ म्हणजे खरी वस्तू वर्गात आणून तिच्यावरून शिकवायचं. कुणी आंब्याची डहाळी आणायचा, कुणी कुंभाराची माती, कुणी कापसाचं बोंड. मी विषय घेतला 'कुत्रा'. ह्याआधी जिवंत जनावर कुणी आणलं नव्हतं, म्हणून मास्तर खूश झाले. माझा हेतू वेगळाच होता. टाचणात मी लिहिलं: शिक्षक खिडकीपाशी जाऊन हाक मारील, कुत्रा येईल, प्रश्न, कुत्रा कोणाकडे गेला? मालकाकडे, म्हणून कुत्रा कसा प्राणी आहे? मुलांकडून काढायचं उत्तर, इमानी. तीस जणांसमोर, मास्तरांसमोर, आणि मागच्या ओळीत बसलेल्या परशरामसमोर एकदाचं सिद्ध व्हावं की हा कुत्रा माझा आहे. परड्यात आठ दिवस मी हाका मारायचा सराव केला. आठही दिवस तो आला.

वर्गात टेबलावर उभा राहून बिब्ब्यानं शेपटी हलवली तेव्हा मुलं खुलली. पहिल्यांदाच माझ्या वर्गात हात वर आले. दात किती, पंजे कसे, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग मी खिडकीपाशी गेलो आणि हाक मारली. बिब्ब्यानं टेबलावरून उडी टाकली, मुलांच्या ओळींमधून शांतपणे चालत मागे गेला आणि परशरामच्या गुडघ्यांवर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. परशराम आढ्याकडे बघत दगडासारखा बसला. हात वर उचलून धरले होते, चुकूनसुद्धा स्पर्श होऊ नये म्हणून. ओठ न हलवता तो म्हणत होता, जा रं तिकडं, जा. पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत पोरीनं माझ्या प्रश्नाची वाट न बघता उत्तर दिलं, "मालकाकडं गेला, गुरुजी."

वर्ग हसला, मागचे तीस जण हसले, मास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. टीका वाचायची वेळ आली तेव्हा परशरामची वही कोरी निघाली. उभा राहून तो म्हणाला की चूक त्याची आहे, तोच रोज भाकरी टाकून त्या कुत्र्याला बिघडवतो. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी फजितीसुद्धा त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि तिथंही तो माझ्यापेक्षा मोठा दिसत होता. मास्तरांनी हुकूम काढला की इथून पुढं हे कुत्रं शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

तेव्हापासून आम्ही निघताना बिब्ब्याला परड्यातल्या शेवग्याला बांधून ठेवायचो. बांधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. परशराम त्या दिवसापासून बिब्ब्याशी माझ्यादेखत बोलेनासा झाला. पण ओढ्याकाठून बोलणं ऐकू यायचं. काय बोलतोय ते कळायचं नाही, नुसता सूर यायचा, लहान मुलाला गोष्ट सांगतात तसा. मी दिव्याशी बसून उद्याच्या टाचणातल्या महत्त्वाच्या शब्दांखाली तांबड्या शाईनं रेघा मारायचो. त्या वर्षात माझं अक्षर फार सुधारलं.

मग चैत्र आला. बेळगावचा चैत्र आमच्या निपाणीकडच्या चैत्रासारखा भाजत नाही. दुपारी चारला पश्चिमेकडून गार वारा सुटतो आणि घामेजलेल्या मानेवर कुणी फुंकर घातल्यासारखं वाटतं. आक्का कैरी चिरून मीठ लावून उन्हात घालायच्या आणि आमची घोकंपट्टी ऐकत तिची राखण करायच्या. लग्नसराईचे दिवस म्हणून दोन्ही माग थांबत नसत. त्या खटखटीच्या तालावर मी शाळाव्यवस्थेची कलमं पाठ केली. आजही ती आठवायची झाली की बोटं गुडघ्यावर ताल धरतात. शहापूरच्या गल्लीत ओल्या सुताचा आणि खळीचा वास असायचा. परीक्षेचा वास म्हणजे माझ्यासाठी तोच.

लेखी पेपर झाले. माझे चांगले गेले, परशरामचे बेताचे. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे साहेब यायचे होते. दोन उमेदवारांनी शेजारशेजारच्या वर्गांत एकाच वेळी शिकवायचं आणि साहेब ह्या वर्गातून त्या वर्गात फिरणार. चिठ्ठ्या निघाल्या. मला तिसरीचा वर्ग, परशरामला चौथीचा. पायऱ्या चढून पडवीत आलं की आधी चौथीचं दार लागायचं, त्याला लागून तिसरीचं. मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. परशरामची सगळी भिस्त ह्या पाठावर होती. हा पाठ उत्तम झाला तर लेखी भरून निघालं असतं आणि पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट त्यालाही मिळालं असतं.

मला भिण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, बिब्ब्या वर्गात शिरल्यावर कसं वाटतं ते परशरामला कळावं. त्या सकाळी शेवग्याला दोरी बांधताना मी रोजची गाठ मारली नाही. सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी. हे नकळत झालं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मी गाठ मारली, ओढून बघितली, आणि जरा आणखी सैल केली.

माझा पाठ भूगोलाचा होता, बेळगाव जिल्ह्यातल्या नद्या. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा. नकाशा मी निळ्या शाईनं काढला होता. साहेब मागं खुर्चीवर बसले होते. तट्ट्याच्या पलीकडून चौथीच्या मुलांचा आनंदी गलबला येत होता आणि माझा अर्धा कान तिकडंच होता. आता होईल, आता होईल. मी घटप्रभेपर्यंत आलो तेव्हा दारात पांढरं काहीतरी हललं.

बिब्ब्या माझ्या वर्गात आला होता. गळ्यात लोंबती दोरी, तोंड उघडं, जीभ बाहेर. एवढ्या लांबून धावत आला होता. त्यानं मुलांकडे बघितलं नाही, साहेबांकडे बघितलं नाही. सरळ नकाशापाशी आला, माझ्या पायांशी बसला आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकली. पावलावर त्याचा गरम श्वास लागत होता.

साहेबांनी विचारलं, "हे कुत्रं कुणाचं?"

वर्षभर मला ज्या एका गोष्टीचा ध्यास होता, ती त्या क्षणी माझ्या पायावर टेकून बसली होती. मी पाय काढून घेतला. म्हणालो, "ठाऊक नाही, साहेब. बाहेरचं आहे."

साहेबांनी मग मुलांना विचारलं. ज्याला ठाऊक असेल त्यानं हात वर करा. ही तीच मुलं होती. वस्तुपाठाच्या दिवशी त्यांनी बिब्ब्याचे दात मोजले होते, त्याच्या नावाचा जयघोष करत घरी गेली होती. चाळीस मुलांना उत्तर येत होतं. एकही हात वर आला नाही. ती चुणचुणीत पोर माझ्याकडे बघत होती आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. ज्या मुलांना मी आवडत नाही म्हणून वर्षभर जळलो, त्यांनी त्या दिवशी माझी लाज राखली. ते मला कळलं, आणि त्याहून मोठी शिक्षा मला आजवर कुणी केलेली नाही.

शिपाई काठी घेऊन आला. बिब्ब्या माझ्यामागे लपायला बघत होता, मी बाजूला झालो. शिपायानं त्याला पडवीत ओढलं आणि काठी बसल्याचा आवाज आला, मागोमाग त्याचं केकाटणं. शेजारच्या वर्गातला गलबला एकदम थांबला. साहेब दारात गेले, त्यांच्यामागे मी. परशराम हातात खडू घेऊन, भरल्या वर्गातून, परीक्षा चालू असताना बाहेर आला होता.

"मारू नगा," तो शिपायाला म्हणाला. मग साहेबांकडे वळून, "माझं हाय, साहेब."

साहेबांनी विचारलं की परीक्षेच्या वेळी कुत्रं आणायची ही कुठली पद्धत. परशरामनं खांद्यावरचं उपरणं काढून बिब्ब्याच्या गळ्यात अडकवलं, त्याला आवारातल्या कडुनिंबाला बांधलं आणि आत गेला. साहेब माझ्या वर्गात परत आले नाहीत. चौथीच्या दारात उभं राहून त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं. मी मलप्रभा शिकवली. मुलांनी सगळी उत्तरं बरोबर दिली.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. दिवस मावळला आणि मग जेवायचा प्रश्न उरला नाही. आक्कांनी परड्यातून हाक मारून विचारलं, दोरी सुटली कशी म्हणून. मी काही बोलायच्या आत परशराम म्हणाला की जुनी दोरी होती, तुटली असेल. त्यानं दोरीचं टोक बघितलं होतं. ते तुटलेलं नव्हतं. गुरं बांधणाऱ्या घरातला माणूस तो, त्याला गाठ काय सांगायची?

तो त्या दिवशी ओढ्याकडे गेला नाही. खोलीच्या उंबऱ्यावर बसला. बिब्ब्या आमच्या दोघांच्या मधे पडला होता, पाठीवर काठीचा वळ.

"माझ्या दारावरनं गेला त्यो," परशराम म्हणाला. "मला वाटलं, आत येतोय. उंबऱ्याशी थांबला बी न्हाय. तुझ्याकडं गेला." मग म्हणाला, "खरं सांगू काय बाळू? साहेब कवाबी आत येणार हुता, परीक्षा चालू हुती, तरी माझ्या पोटात लई जळलं रं. इतकं दिस मला वाटलतं, त्यो माझाच झालाय."

तो असं सहज बोलला, पाऊस येईलसं वाटतं म्हणावं तसं. जळणं हे असं बोलून टाकता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी गाठीचं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, भाकरी खाऊन घे.

मला पहिला वर्ग मिळाला. परशराम जेमतेम सुटला. त्याला त्याच्याच रानातल्या एका शाळेवर नेमलं, जिथं जायला मोटार नाही. इथं टाचणांवर सह्या करताना मला तो दिसतो. एकशिक्षकी शाळा, कौलांवर पाऊस, टोपी तिरकी, समोर हातांचं रान. मला त्याचा हेवा वाटतो. हेडमास्तर मी झालो, पगार माझा मोठा, आणि हेवा अजून मलाच वाटतो. पूर्वी वाटायचा तो मुलांवरून आणि कुत्र्यावरून. आता त्यानं साहेबांपुढं जे तीन शब्द उच्चारले, त्यांच्यावरून वाटतो. ते शब्द माझे होते.

निकालाच्या आधीच आम्ही शहापूर सोडलं होतं. परशराम मला मोटारीवर पोचवायला आला, दोरी त्याच्या हातात होती. बिब्ब्याला घेऊन जा म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, साहेबांपुढं तू आपला म्हटलास, आता तुझाच. ह्यात मोठेपणा काही नव्हता. रोज वेशीवर माझी वाट बघणाऱ्या त्या डोळ्यांसमोर उभं राहायची माझ्यात हिंमत नव्हती. परशरामनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढं आग्रह केला नाही.

मोटार सुटली. कॅम्पाचा रस्ता मागं पडला तेव्हा मागच्या बाकावरची माणसं खिडकीतून बाहेर बघू लागली. बिब्ब्या मोटारीमागे धावत होता, दोरी जमिनीवर फरफटत होती. बराच मागे, धुळीत, परशराम पळताना दिसत होता. मोटार चढाला लागली तसा बिब्ब्या जवळ आला, इतका की डोळ्यावरचा डाग दिसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"तुमचं हाय काय ओ ते कुत्रं?"

"व्हय," मी म्हणालो. "माझं हाय."

"मग मोटार थांबवा की," तो म्हणाला.

चढ संपला आणि मोटारीनं वेग घेतला. मी समोर बघत बसलो.